बटण, माउस की स्टिक?

काय दोस्तांनो, पहिली चाचणी संपली का? पेपर कसे गेले ते मी विचारणार नाही, घाबरू नका. ते विचारायला घरी पुष्कळ जण आहेत! आपण आज एका भांडणाबद्दल बोलू या. हो, भांडणाबद्दलच. आणि तेही माझ्याच पाचवीच्या वर्गातल्या.

त्याचं असं झालं. मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत बसले होते. तेवढ्यात दोघं धापा टाकत टेबलापाशी आली.

"बाई, ह्याला सांगा ना!"

"बाई, आधी हिनेच सुरुवात केली!"

ही दोन वाक्यं आम्ही बाईमाणसं दिवसातून दहा वेळा तरी ऐकतो. पण या वेळचं भांडण पेन्सिलीवरून नव्हतं की बाकावरच्या जागेवरून नव्हतं. दोघांची खरी नावं छापली तर ती आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीत. म्हणून आपण एकाला म्हणू बंडू आणि दुसरीला म्हणू चिंगी.

बंडूच्या बाबांचं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की बंडूला अर्धा तास कॉम्प्युटरवर गेम खेळायला मिळतो. चिंगीच्या मामाकडे टीव्हीला जोडायचा गेम आहे. सुट्टीत मामाकडे गेली की ती तो खेळते, आणि मामाने त्याचा जुना वायरवाला कंट्रोलरही तिला देऊन टाकलाय.

बंडूचं म्हणणं, "कंट्रोलर म्हणजे बाळांचं खेळणं. खरे खेळाडू कीबोर्ड-माउसवर खेळतात. कंट्रोलरवाल्यांना तर गेमच मदत करतो!"

चिंगी म्हणाली, "आणि तुझी गाडी प्रत्येक वळणावर भिंतीला धडकते त्याचं काय? कीबोर्ड टायपिंगसाठी असतो. तो काय खेळायचा असतो का?"

आता आली का पंचाईत! मला स्वतःला काय येतं? माझ्या लहानपणी आमच्या आळीत एकाच घरात टीव्हीचा गेम होता. पिवळी कॅसेट फुंकर मारून आत खुपसायची. कंट्रोलरला आम्ही 'रिमोट'च म्हणायचो, आणि पाच मुलांत मिळून एक रिमोट. माझा नंबर यायच्या आत घरून हाक यायची! त्यामुळे या विषयात मी अगदीच कच्ची. पण डी.एड.ला असताना एक गोष्ट पक्की शिकले होते. उत्तर येत नसेल तर 'गप्प बसा' म्हणायचं नाही, 'करून बघू या' म्हणायचं.

"येत्या शनिवारी कॉम्प्युटरच्या खोलीत मॅच," मी जाहीर केलं. "पण त्याआधी ही साधनं करतात काय, ते समजून घ्यायचं."

दिव्याचं बटण आणि पंख्याचा रेग्युलेटर

दुसऱ्या दिवशी वर्गात मी भिंतीवरच्या बोर्डापाशी उभी राहिले. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला. परत दाबलं, विझला.

"दिवा अर्धा लावता येईल का?" मी विचारलं.

"नाऽऽही!"

मग पंख्याचा रेग्युलेटर फिरवला. एकवर पंखा रमतगमत फिरतो आणि पाचवर वह्यांची पानं उडवतो.

मुलांनो, कीबोर्डची कळ म्हणजे दिव्याचं बटण. दाबली तर 'हो', सोडली तर 'नाही'. मधलं काही नाही. गाडीच्या गेममध्ये डावीकडे जायची कळ दाबली की चाक पूर्ण डावीकडे. थोडंसंच वळायचं असेल तर? मग कळ टक्‌-टक्‌-टक्‌ करत दाबायची आणि सोडायची. बंडूची गाडी भिंतीला का धडकते, ते आलं ना लक्षात?

कंट्रोलरवरची अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, म्हणजे स्टिक, ही मात्र रेग्युलेटरसारखी असते. थोडी कलवली तर गाडी थोडी वळते, जास्त कलवली तर जास्त वळते. चालण्याच्या गेममध्येही तसंच. हळूच ढकलली तर माणूस चोरपावलांनी चालतो, पूर्ण ढकलली तर धावतो. शिवाय ती कुठल्याही दिशेला कलते. कळांचं तसं नाही. चार दिशांच्या चार कळा, आणि दोन-दोन एकदम दाबल्या तर मधल्या चार तिरप्या दिशा. झाल्या आठ. नववी दिशा नाही.

एवढं ऐकल्यावर चिंगीने बंडूकडे बघून अशी काही मान उडवली की विचारू नका.

"थांब," मी म्हटलं. "माउस राहिलाय अजून."

नकाशावरचं बोट आणि नळाखालची बादली

आमच्या वर्गात भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आहे. मी एकाला म्हटलं, "नागपूर दाखव." त्याचं बोट सरळ नागपूरवर गेलं. "आता रत्नागिरी." बोट सरळ रत्नागिरीवर.

माउस असाच चालतो. हात जेवढा सरकेल तेवढा पडद्यावरचा बाण सरकतो. हात थांबला की बाण थांबला. म्हणजे माउसने आपण पडद्याला सांगतो, 'इथे जा.'

स्टिकने आपण तसं सांगत नाही. स्टिकने आपण सांगतो, 'इतक्या वेगाने जा.' स्टिक कलवून धरली की बाण जातच राहतो, जातच राहतो. नेमक्या ठिकाणी तो थांबवायला आपल्याला नेमक्या वेळी स्टिक सोडावी लागते.

याची गंमत बघायला आम्ही सगळे नळावर गेलो. बादलीला आतून खडूने एक रेघ मारली आणि म्हटलं, "बरोब्बर रेघेपर्यंत भरा." नळ पूर्ण सोडला तर बादली पटकन भरते, पण बंद करेपर्यंत पाणी रेघेच्या वर जातं. अगदी बारीक सोडला तर पाणी रेघेवर थांबतं, पण तोवर मधली सुट्टी संपते! (पाणी वाया घालवलं नाही हं. सगळं झाडांना घातलं.)

स्टिकने नेम धरणं म्हणजे नळ सोडून बादली रेघेपर्यंत भरणं. माउसने नेम धरणं म्हणजे नकाशावर बोट ठेवणं. सांगा बरं, सोपं काय?

आता मान उडवायची पाळी बंडूची होती.

कुणी, कधी, कशासाठी?

ही साधनं निघाली कुठून, तेही बघू या. कारण कुठलंही हत्यार कशासाठी घडवलं ते कळलं की त्याचा स्वभाव कळतो. विळी भाजी चिरायला, कोयता ऊस तोडायला. विळीने ऊस तोडायला गेलं तर विळीला नावं ठेवण्यात काय अर्थ?

१९५८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या लोकांसाठी टेनिसचा एक खेळ बनवला. पडदा जेमतेम बशीएवढा. प्रत्येक खेळाडूच्या हातात एक डबी. तिच्यावर एक फिरवायची गुंडी आणि एक बटण. गुंडीने चेंडूची दिशा ठरवायची, बटणाने चेंडू मारायचा. झालं! लोकांनी खेळायला रांगा लावल्या.

पुढे १९६२ साली अमेरिकेतल्याच एमआयटी या संस्थेत काही तरुणांनी कपाटाएवढ्या मोठ्या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' नावाचा अवकाशयानांचा खेळ तयार केला. सुरुवातीला तो कॉम्प्युटरच्या पुढच्या भागावरचे खटके वरखाली करून खेळावा लागे. खेळून खेळून कोपरं दुखायची. शिवाय पडदा एका बाजूला असल्यामुळे एका खेळाडूला नीट दिसे आणि दुसऱ्याला वाकून बघावं लागे. म्हणजे भांडण आलंच! मग त्यांच्यातल्या ॲलन कोटॉक आणि रॉबर्ट सॉन्डर्स या दोघांनी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबमधून लाकडाचे तुकडे, वायरी आणि खटके गोळा केले आणि दोन वेगळे डबे बनवले. प्रत्येकाने आपला डबा हातात घेऊन हवं तिथे बसायचं. आजच्या कंट्रोलरचे हे पणजोबाच म्हणा ना!

माउस मात्र खेळासाठी जन्मलाच नाही. डग्लस एंगेलबार्ट या इंजिनिअरला कॉम्प्युटरवर काम करणं सोपं करायचं होतं. त्यांच्या कल्पनेवरून १९६४ साली त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला. लाकडाचा ठोकळा, खाली दोन चाकं आणि वर एकच बटण! ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एंगेलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला.

पुढे १९७८ साली याच बिल इंग्लिश यांनी स्टुअर्ट कार्ड आणि बेटी बर या दोन सहकाऱ्यांबरोबर झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या एका परीक्षेचा निकाल छापला. पडद्यावरचा एखादा शब्द दाखवायचा असेल तर सगळ्यात लवकर कशाने दाखवता येतो? माउस, दांडी आणि दोन प्रकारच्या कळा अशी चार साधनं त्यांनी तपासली. पहिला नंबर आला माउसचा. तो सगळ्यात जलद निघाला आणि चुकाही त्याच्याच सगळ्यात कमी.

हे ऐकून चिंगी ताडकन उठली. "बाई, माउस बनवणाराच परीक्षक? मग त्याचा पहिला नंबर येणारच!"

शाब्बास! असा प्रश्न पडलाच पाहिजे. पण नेमकं ठिकाण दाखवण्याच्या कामात माउस दांडीपेक्षा सरस ठरतो, हे नंतर दुसऱ्या लोकांनीही पुन्हा पुन्हा तपासून बघितलं आहे. तेव्हा हा निकाल वशिल्याचा नव्हता.

तुमच्या हातातल्या कंट्रोलरवर अधिकच्या चिन्हासारखं चार दिशांचं बटण असतं ना? ते जपानच्या निन्टेन्डो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली हातात धरायच्या एका छोट्या गेमसाठी तयार केलं. पुढच्याच वर्षी ते टीव्हीच्या गेमच्या कंट्रोलरवर आलं. माझ्या लहानपणीचा तो 'रिमोट' म्हणजे त्याचीच नक्कल! अंगठ्याने फिरवायची स्टिक घेऊन निन्टेन्डोचा गेम १९९६ साली आला आणि सोनीने १९९७ साली दोन स्टिकांचा कंट्रोलर काढला. एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने बघायचं.

कीबोर्डवाल्यांचीही एक गंमत आहे. एक हात माउसवर असतो, मग चालायला डाव्या हाताने कुठल्या कळा दाबायच्या? आज बहुतेक जण डब्ल्यू, ए, एस, डी या कळा वापरतात. ही पद्धत लोकप्रिय करण्यात डेनिस फाँग या अमेरिकन खेळाडूचा मोठा हात होता. १९९७ साली 'क्वेक' या गेमची स्पर्धा त्याने जिंकली आणि त्याला बक्षीस मिळालं ते गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅक यांची स्वतःची लालभडक फेरारी गाडी! (बंडूचे डोळे इथे बशीएवढे झाले होते.)

शनिवारची मॅच

शेवटी शनिवार उजाडला. आमच्या शाळेत तीन कॉम्प्युटर आहेत. दोन चालतात, तिसरा त्याच्या मनात आलं तर चालतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या काकांनी दोन गोष्टी करून दिल्या होत्या. एक, 'सुपरटक्सकार्ट' हा पेंग्विनच्या शर्यतीचा गेम टाकून दिला. तो फुकट मिळतो. दुसरं म्हणजे, स्टिकने पडद्यावरचा बाण हलेल अशी सोय केली. नेम धरायचा खेळ मी स्वतःच 'स्क्रॅच'वर बनवला होता. पडद्यावर कुठेही एक लाल गोळा येतो. त्याच्यावर बाण नेऊन बटण दाबायचं, की दुसरा गोळा दुसरीकडे. वेळ तीस सेकंद.

पहिल्यांदा शर्यत. तीन फेऱ्यांपैकी दोन चिंगीने जिंकल्या. वळणावर तिची गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी जात होती. बंडूची गाडी सरळ रस्त्यावर सुसाट, पण वळण आलं की धाडकन कठड्यावर!

मग नेमबाजी. बंडूने माउसवर तीस सेकंदांत २४ गोळे टिपले. चिंगीने स्टिकने टिपले १३. बाण गोळ्याच्या पुढे जायचा, परत आणायला जावं तर मागे जायचा. नळ आणि बादलीच!

"एक-एक! बरोबरी!" सगळे ओरडले.

"थांबा," मी म्हटलं. "बंडूला माउसची सवय आहे आणि चिंगीला कंट्रोलरची. मग जिंकलं ते साधन की सवय?"

वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, अदलाबदल करा!"

किती सोपं, नाही? पण हेच खऱ्या प्रयोगाचं मर्म. दोघांनी साधनं बदलली. माउसवर चिंगीने १९ गोळे टिपले. म्हणजे माउसची सवय नसूनही स्वतःच्याच कंट्रोलरपेक्षा सहा जास्त! बंडूचे स्टिकने झाले फक्त ९. पण शर्यतीत त्याने कंट्रोलर हातात घेतला आणि तिसऱ्या फेरीला कठड्याला न धडकता वळण घेतलं. तोंडातून काही बोलला नाही, पण चेहरा सगळं बोलत होता.

म्हणजे सवयीचा भाग आहेच. पण सवय बाजूला काढली तरी नेमाला माउस आणि वळणाला स्टिक, हे उरतंच.

फळ्याजवळचा मुलगा

इथे माझा लेख संपायला हवा होता. पण खरी गोष्ट पुढेच आहे आणि त्यात चूक माझी आहे.

गुण फळ्यावर लिहायचं काम मी एका मुलाला दिलं होतं. त्याला आपण राजा म्हणू. राजाच्या उजव्या हाताची बोटं जन्मापासून पूर्ण वाढलेली नाहीत. डाव्या हाताने तो इतकं सुंदर लिहितो, की सुविचार लिहायचं काम नेहमी त्याच्याकडेच असतं. त्याच्याविषयी मी त्याला विचारूनच लिहितेय. तो म्हणाला, "लिहा बाई. पण बिच्चारा लिहू नका."

तर त्या दिवशी सगळ्यांची एकेक पाळी झाली. मी विचारलं, "कुणी राहिलं का?" सगळे म्हणाले, "नाही!" मीसुद्धा मान हलवली. आणि फळ्याकडे बघितलं तर राजा हातात खडू घेऊन उभा. सगळ्यांची नावं ओळीने, सुवाच्य अक्षरात. त्यात त्याचं नाव नव्हतं.

मुलांनो, मला कुणीतरी कान धरून उभं केल्यासारखं वाटलं. खो-खो असो, लेझीम असो, गुण लिहायला, शिट्टी सांभाळायला, चपला राखायला मी नेहमी राजालाच सांगत आले होते. 'त्याला जमणार नाही' असं मी कधी बोलले नव्हते. पण 'तुला खेळायचंय का?' असंही कधी विचारलं नव्हतं.

"राजा, तुला खेळायचंय?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. बस, एवढंच.

कंट्रोलर हातात घेऊन बघितला. तो दोन्ही हातांच्या अंगठ्यांसाठी बनवलेला. एका हाताने धरायचा की चालवायचा? जमेना. मग माउस. तो कॉम्प्युटरच्या उजवीकडे. डावीकडे घ्यावा तर वायर आखूड! तेव्हा बंडूच उठला. त्याने न सांगता आख्खा सीपीयू उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला. दुकानात वाढलेलं पोर! सेटिंगमध्ये जाऊन माउसची डावी-उजवी बटणंही त्याने अदलाबदल करून दिली.

राजाने डाव्या हाताने तीस सेकंदांत १७ गोळे टिपले. थोडा थांबला, हात पॅन्टला पुसला आणि म्हणाला, "परत." दुसऱ्या वेळी २१. चिंगीपेक्षा दोन जास्त!

शर्यतीसाठी जरा विचार करावा लागला. या गेममध्ये कुठली कळ कशासाठी, ते आपल्याला ठरवता येतं. वळायच्या आणि वेगाच्या कळा आम्ही डाव्या हाताच्या बोटांखाली आणल्या. पण जास्तीचा वेग देणारी 'नायट्रो'ची कळ दाबायला बोट शिल्लक राहीना. मी म्हटलं, "ती सोडून दे." राजा म्हणाला, "नको. ती एंटरवर द्या." एंटरची कळ मोठी असते ना? ती तो उजव्या तळव्याच्या कडेने दाबू लागला. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, बंडूच्याही नाही. ज्याचा हात त्यालाच ठाऊक!

त्या दिवशी शर्यतीत तो शेवटून पहिला आला. उगाच गोड शेवट करत नाही. पण तीन शनिवारांनंतर त्याने बंडूला एकदा हरवलं आणि बंडू चिडून दोन तास बोलला नाही. मला त्या चिडण्याचा फार आनंद झाला. कारण ज्याला आपण खरा खेळाडू समजतो, त्याच्याशी हरल्यावरच आपण चिडतो!

सवलत वेगळी, सोय वेगळी

आठवतं, बंडू म्हणाला होता, कंट्रोलरवाल्यांना गेमच मदत करतो? ते खोटं नाही. नेम धरायच्या पुष्कळ गेममध्ये कंट्रोलरने खेळणाऱ्यांचा नेम लक्ष्याजवळ आला की थोडा मंदावतो, म्हणजे तो पुढे निघून जात नाही. याला 'एम असिस्ट' म्हणतात. स्टिकने नेम धरणं किती कठीण, ते आपण बघितलंच. पण माउसवाले आणि कंट्रोलरवाले एकाच सामन्यात आले की ही मदत किती असावी यावरून मोठमोठे खेळाडूही भांडतात. तेव्हा आमच्या वर्गाने भांडावं यात नवल काय?

मी वर्गाला विचारलं, "ही मदत म्हणजे लबाडी का?"

एक मुलगी म्हणाली, "बाई, हे लिंबूटिंबूसारखं आहे." बघा, कसं बरोबर पकडलं! आपण खेळताना धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करतो. तो आउट झाला तरी आउट नाही. त्यात वाईट काही नाही, पण नियम सगळ्यांना आधी माहीत हवा.

मग मी राजाला विचारलं, "आपण तुझ्यासाठी कळा बदलल्या, तेही लिंबूटिंबूच का?"

तो म्हणाला, "नाही बाई. माझी गाडी धडकली तर धडकतेच की."

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. सवलत म्हणजे नियम सैल करणं. सोय म्हणजे नियम तोच ठेवून साधन हाताजोगं करणं. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला आपण कधी म्हणतो का, की तू लबाडी केलीस?

जगात आता याचा विचार होऊ लागला आहे. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर' काढला. त्याच्यावर ताटलीएवढी दोन मोठी बटणं आहेत, आणि मागे खाचांची रांग. ज्याला पायाने, कोपराने किंवा डोक्याने दाबायचं बटण हवं, त्याने ते खाचेत जोडायचं. सोनीनेही २०२३ साली 'ॲक्सेस' नावाचा तसाच एक कंट्रोलर आणला. आमच्या शाळेला ते परवडणारे नाहीत. पण सीपीयू उचलून डावीकडे ठेवायला काही पैसे लागले नाहीत. लागला तो फक्त एक प्रश्न, जो विचारायला मला पाच महिने लागले.

तुम्हीही करून बघा

एक. तुमच्या नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने स्वतःचं नाव पाच वेळा लिहा. पहिलं आणि पाचवं नाव शेजारी ठेवून बघा. सवय किती लवकर कामाला लागते ते दिसेल.

दोन. एकाच कीबोर्डवर दोघं खेळत असाल, आणि कळ दाबूनही गाडी वळली नाही, तर मित्रावर संशय घेऊ नका. स्वस्त कीबोर्डमध्ये कळांच्या वायरी जाळीसारख्या एकमेकींत जोडलेल्या असतात, त्यामुळे तीन-चार कळा एकदम दाबल्या तर एखादी त्याला कळतच नाही. लिहायचं पान उघडा, तीन कळा एकदम दाबा आणि किती अक्षरं उमटतात ते मोजा.

तीन. तुमच्या गल्लीत किंवा वर्गात नेहमी गुण लिहिणारं, नेहमी चपला राखणारं कुणी आहे का? त्याला किंवा तिला एकदा विचारा. काय विचारायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

आई-बाबांसाठी दोन ओळी

दादा, ताई, मूल कंट्रोलर मागू लागलं की लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणू नका. 'कुठला गेम खेळतोस? त्यात नेम धरायचा असतो की गाडी चालवायची?' एवढं विचारा. घरी कॉम्प्युटर असेल आणि मूल चित्रं, टायपिंग, कोडी करत असेल, तर असलेल्या कीबोर्ड-माउसवर भागतं. गाड्यांचे, उड्या मारायचे गेम टीव्हीसमोर बसून खेळायचे असतील तर साधा वायरचा कंट्रोलर पुरतो, महागाचा लागत नाही. साधन कुठलंही असो, मनगट अवघडेल इतका वेळ नको. दर वीस मिनिटांनी उठवा, खिडकीतून लांबवर बघायला सांगा. आणि जमलं तर एक डाव स्वतः खेळून हरा. मूल खूष होईल आणि तुम्हालाही ते खेळतंय काय हे कळेल.

बंडू आणि चिंगीचं भांडण मिटलं का, असं विचाराल तर नाही! आता ती दोघं पुढच्या शनिवारी राजाशी आधी कुणी खेळायचं यावरून भांडतायत. चालू दे. फळ्यावर गुण लिहायला सध्या मी असते. माझं अक्षर राजाइतकं चांगलं नाही, असं वर्गाचं मत आहे.

बरं तर, पुढच्या शनिवारी तुमच्याकडे काय खेळणार, ते मला नक्की कळवा. येते मी!

तुमच्या बाई